फेड

मंगळवारी साडेसहाला, बेथेल चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये
आम्ही सोळा-सतरा बायका रांगेत उभ्या राहतो
आणि फेडू लागतो:
बूट, कार्डिगन, पट्टा, घड्याळ.
डेलिथ कानातलेसुद्धा काढते,
"तेवढेच चार ग्रॅम."
मग लग्नाची अंगठी ओढून बघते. निघत नाही.

मिसेस प्रोसर काटा बघते,
न बोलता आकडा कार्डावर लिहिते.
वेल्समध्ये आम्ही माणूस मोजतो स्टोन आणि पौंडांत.
पैसेही पौंडांतच.
त्यामुळे घरी आल्यावर मायरिगनं नुसतं "किती?" विचारलं
तरी पोटात गोळा यायचा:
हा नेमकं कशाचं विचारतोय?

वजनाचं त्याला ठाऊक होतं.
दुसरं नव्हतं.

दुसरं असं, की माझ्या कपाटात एक बाई राहायची.
बारा मापाची.
मी वीस.
अकरा वर्षं तिच्यासाठी कपडे मागवत होते,
कॅटलॉगमधून, हप्त्यानं.
ती ईस्टरला येणार होती,
मग भाचीच्या लग्नाला,
मग माझ्या पन्नाशीला तरी नक्की.
बाटलीहिरवा कोट, पितळी बटणांचा,
किमतीची चिठ्ठी अजून बाहीला लोंबकळत.
ती आली नाही.
तिची बिलं आली, माझ्या नावावर.

जानेवारीत मी ब्रेड सोडला.
ब्रेडचा डबा रिकामा झाला
म्हणून त्यात पाकिटं ठेवू लागले,
खिडकीवाली, न उघडलेली.
मायरिगनंही माझ्यासोबत ब्रेड सोडलेला, बिचाऱ्यानं,
त्यामुळे डब्याकडे फिरकायचं त्याला कारणच नव्हतं.

मार्चमध्ये झाकण बसेना.
हॉलमधून आले, अंगातलं जाकीट तसंच,
आणि सगळा गठ्ठा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.
सहाशे दहा ग्रॅम.
एवढंच?
एका लहानशा कोबीएवढं.
आणि कोबी तर मी रोज चिरते शाळेत
दोनशे चाळीस पोरांच्या जेवणासाठी,
कोबीला कोण घाबरतं?

रात्री दीडपर्यंत उघडत बसले.
चार हजार तीनशे बारा.

फोनवरच्या मुलाचा आवाज मिसरूड फुटायच्या वयाचा.
म्हणाला, "महिन्याला किती झेपेल?"
मी म्हटलं, "पस्तीस."
"पन्नास जमतील का?"
अशा वेळी मी आयुष्यभर 'हो' म्हणत आलेय.
दुसरी वाढ, तिसरा केक, अजून एक हप्ता,
'हो' म्हणून म्हणूनच तर सगळं अंगावर चढलं.
"नाही," मी म्हटलं. "पस्तीस."
पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज.
"ठीक आहे, पस्तीस."
आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला वजन आलं होतं
आणि ते मला उतरवायचं नव्हतं.

मायरिगला सांगितलं. सगळं, आकड्यासकट.
तो बराच वेळ टेबलक्लॉथवरचा डाग खरवडत बसला.
मग उठला, गॅरेजमध्ये गेला,
आणि रंगाच्या डब्यांमागून
अर्धा संपलेला पाव घेऊन आला.
"जानेवारीपासून," म्हणाला.
मला इतकं हसू आलं की खुर्ची धरावी लागली.
दोघांनी एकेक स्लाइस खाल्ली, लोणी लावून.

कोट नेरिसच्या मुलीनं घेतला, अठ्ठावीस पौंडांना.
आमच्या दारातच घालून बघितला,
सगळी बटणं लागली.
तिनं एक गिरकी घेतली.
कपाटातली बाई शेवटी आली म्हणायची,
आली, आणि उतारावरून बस स्टॉपकडे निघून गेली.
मी चिठ्ठी तेवढी कापून ठेवून घेतली.

या मंगळवारी काट्यावर दीड पौंड वाढलेलं.
मिसेस प्रोसरनं पेन उचललं, नेहमीसारखं, न बोलता.
"मोठ्यांदा वाचा," मी म्हटलं.
ती चष्म्यावरून बघत राहिली.
मागे रांगेत डेलिथ
बोटाला साबण लावून अंगठी ओढत होती.
"वाचा ना," मी म्हटलं, "ऐकतेय मी."